एका चुलीवर जेवणारे

पोचू मडावीच्या घरात चार माणसं. जानेवारीत चार, फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये चार. असली घरं मला फार आवडतात. तिथं कोणी मरत नाही, कोणाचं लग्न होत नाही, कोणी भांडून वेगळं निघत नाही. टॅबमध्ये मागच्या महिन्याची माहिती आपोआप उमटते. आपण वाचायचं, समोरच्यानं मान हलवायची, आणि पंधरा मिनिटांत पुढचं दार. एप्रिलच्या दहा तारखेला एटापल्लीच्या रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांमागे स्कूटी घेऊन रांगत असताना मी मनात तेच घर पहिलं धरलं होतं.

मला घाई होती. या गावचा माझा वार ठरलेला, दर चौथा गुरुवार. पण दोन तारखेला तापानं अंथरूण धरलं आणि आठ दिवस वाया गेले. आता आज संध्याकाळी सहापर्यंत बारा घरं भरून पाठवायची होती. सहानंतर महिना बंद होतो. पुढचा ट्रक हलायचं नाव घेत नव्हता आणि माझ्या नाकातोंडात लाल धूळ जात होती. त्या ड्रायव्हरला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्याला ठसका लागला असेल.

मी नूतन, घुग्घुसची. सरकारच्या घरोघरच्या सर्वेक्षणात कंत्राटी सर्वेक्षक आहे. कोण काम करतं, कोण शोधतं, कोण घरी असतं, हे विचारत फिरायचं. एकाच घरी लागोपाठ चार महिने जायचं आणि मग ते घर सोडून दुसरं धरायचं. माझं कंत्राट तीस एप्रिलला संपत होतं. पुढच्या वर्षाच्या यादीत नाव यायला दोनच गोष्टी बघतात. एकही घर सुटलेलं नको आणि मागच्या महिन्याशी कारण देता येणार नाही अशी विसंगती नको. माझ्या नावापुढे दोन्ही रकान्यांत शून्य होतं. ते शून्य मी जिवापाड जपलं होतं, कारण ही नोकरी लागण्याआधी दोन वर्षं मी घरात बसून काढली होती. त्या दोन वर्षांत सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "नूतन का, ते घरीच राह्यते." सकाळी पाचपासून राबून मी घरीच राहत होते. ते ऐकायला मला पुन्हा जायचं नव्हतं.

यादी पाठवणारे धनराजभाऊ आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसात पर्यवेक्षक आहेत. मनानं चांगला माणूस, पण आकडा हलला की त्यांचा जीव खाली-वर होतो. प्रत्येक घराला लावतात तो गुणक म्हणजे काय ते मला त्यांनीच समजावलं होतं.

"पह्यले वर्षातून एकदा आकडा निघे," ते म्हणाले होते. "मंग तीन महिन्यानं निघाले लागला. आता दर महिन्याले पाह्यजे. घरं काई त्या मानानं वाढली नाईत. मंग आहेत त्याच घरायवर वजन वाढवलं. तुह्यं एक घर म्हणजे एक घर नाई, त्याच्यामागं चार हजार घरं उभी आहेत. घर बंद सापडलं तं त्याचं वजन बाकीच्या अकरा घरायवर टाका लागते. बारा जणायनं उचलाचं ओझं अकरायच्या डोक्यावर आलं म्हणून समज. एकाचा पाय घसरला तं सारंच कलते."

मला हे फार आवडलं होतं. फेब्रुवारीत पोचूच्या बारा वर्षांच्या पोरीला, दिव्यानीला, मी ऐटीत सांगितलंही होतं, की तुझं नाव या टॅबात एकटं नाही, तुझ्यामागे चार हजार पोरी उभ्या आहेत. तिनं मागे वळून अंगणात बघितलं होतं.

साडेनऊला गावात पोचले. पोचूच्या दारात स्कूटी लावली तर अंगणात एक बाई मोहाची फुलं वाळायला पसरत होती. तिशी-बत्तिशीची, बांधा काटक. तिनं मला बघून पदर सारखा केला आणि आत आवाज दिला. मला वाटलं, पोचूची बहीण वगैरे आली असेल. वैतागले, कारण पाहुणा असला की चार प्रश्न वाढतात.

पोचू बाहेर आला. मी टॅब उघडला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"पोचूभाऊ, एका चुलीवर किती जण जेवता?"

"चौघं," पोचू म्हणाला.

"पाहुणी धरून?"

"पावनी कोन?"

मी त्या बाईकडे बघितलं. पोचू हसला. "हे बुधरी हाये. मायी बायको."

माझ्या टॅबवर पोचूच्या नावापुढे 'विधुर' लिहिलेलं होतं. जानेवारीत घरात बायको दिसली नाही, म्हातारी आई रांधताना दिसली, आणि एवढ्या तरण्या माणसाला कशाला दुखवायचं म्हणून मी न विचारताच तो शब्द निवडला होता. स्वतःच्या समजूतदारपणाचं मला तेव्हा कौतुकही वाटलं होतं. आता माझे कान तापले.

"कधी आल्या या?" मी विचारलं.

"तेरा वर्सं झाले," बुधरी म्हणाली. फुलं पसरायचं तिनं थांबवलं नव्हतं.

"तसं नाही. जानेवारीत मी आली तेव्हा भाऊ चौघं म्हणाले. हे, यांची आई, पोरगा सुनिल आन् दिव्यानी. आज तुम्ही आहात, म्हणजे पाच पाहिजेत. आजही चौघंच म्हणते हे. मग कमी कोण झालं?"

पोचूनं मान खाली घातली आणि अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. भिंतीला टेकलेली म्हातारी गोंडीत काहीतरी पुटपुटली. सुनिल दारात उभा होता. दिव्यानी कुठेच दिसत नव्हती. एरवी स्कूटीचा आवाज आला की ती पहिली धावत यायची, टॅबवर स्वतःचं नाव वाचायला.

"दिव्यानी कुठी आहे?" मी जोरात विचारलं.

पोचू कुऱ्हाड उचलून परसात निघून गेला. बुधरी उठली, हात झटकले आणि म्हणाली, "चाल बाई, दाखवतो."

घरांच्या ओळीमागे, चिंचेच्या पलीकडे, कुडाची एक ठेंगणी खोपी होती. तीन महिने मी तिच्यासमोरून स्कूटी नेली होती आणि मला ते कोणाचं तरी सरपण ठेवायचं खोपट वाटलं होतं. बाहेर तीन दगडांची चूल आणि तिच्यावर काळं पातेलं होतं. दाराशी दिव्यानी बसली होती. मला बघून ती उठली नाही, नुसती हसली आणि लगेच लाजली.

"कुर्मा हाये हे," बुधरी म्हणाली. "पाळी आली का बाई इथी राह्यते, पाच दिवस. हे काल पह्यल्यांदा आली. इथी चूल अलग. घरच्या चुलीले हात नाई लावाचा, तिथलं जेवाचं नाई. तू इचारते एका चुलीवर किती जण. तो खरं सांगते तुले. त्या दिवशी चौघंच राह्यते."

"आणि गावाबाहेर कोणी गेलं आहे का, असं मी दर वेळी विचारलं, तेव्हा भाऊ नाही म्हणाले," मी म्हणाले.

"मी कुठी गेली होती गावाबाहेर?" बुधरी म्हणाली. "इथीच होती. तुह्या गाडीचा आवाज आयकत होती."

मी टॅबमधल्या तारखा काढल्या. आठ जानेवारी, पाच फेब्रुवारी, पाच मार्च. मध्ये बरोबर अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवस. दर चौथ्या गुरुवारी मी काटेकोरपणे यायचे आणि दर चौथ्या गुरुवारी बुधरी इथं असायची. ताप आला नसता तर आजही ती मला भेटली नसती. मला स्वतःच्या वक्तशीरपणाची चीड आली. आमच्या घुग्घुसच्या घरीही चार दिवस सासूबाई मला देवघरात फिरकू देत नाहीत, तेव्हा हे मला नवीन होतं असंही म्हणायची सोय नव्हती. साधं रेशनकार्ड मागितलं असतं, तरी त्यावर पाच नावं दिसली असती.

"तुम्ही त्या आठवड्यांमध्ये काय काम केलं होतं?" मी विचारलं. आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्न केला.

बुधरीला हसू आलं. "जानवारीत परक्याची तूर कापली. फेबरवारीत रोजगार हमीवर माती टाकली, तळ्यावर. मंग मोहा. कुर्मात याच्या दोन दिवस आधीपर्यंत मोहाच येचत होती. काऊन? तू नाई लिवलं म्हनून मोहा कमी भरला का?"

आमच्या प्रश्नावलीत सात दिवसांतला एक तास जरी काम केलं तरी ते काम धरतात. ही बाई दिवसाला दहा तास राबत होती आणि मी तिला मेलेली धरली होती. तीही एकटी नाही. तिच्यामागे उभ्या असलेल्या चार हजार बायकांना मी सलग तीन महिने पुसून टाकलं होतं.

गावात रेंज नाही. पाऊण किलोमीटरवर टेकाड आहे, तिथं मोबाइलला दोन दांड्या मिळतात. मी तिथं अक्षरशः पळत गेले. धनराजभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ झाला की मला धास्ती वाटते.

"नूतन, आयक. आधीचे चार कोणते? पोचू, म्हातारी, पोरगा, पोरगी. ते चारच राहू दे. पोरगी पाच दिवसांनं घरीच येते, तिले काढू नको. बुधरीले घालू नको. घर जुळते, गाव जुळते, विषय संपला."

"आन् बुधरी?"

"तीन महिने नव्हती ते. चौथा महिना नसली तं काय बिघडते? पुढच्या महिन्यात ते गावच आपल्याकडं नाई."

"भाऊ, ती होती. मी लिहिली नाही."

"समजलं मले. पण आता लिहशीन तं काय होईन ते पाय. त्याच घरात महिन्यागणिक काय बदललं, याच्यावरच तं हा आकडा उभा आहे. तुह्या घरात एक बाई एकदम उगवली, मोहा वेचाले लागली. वरती काय दिसन? एका महिन्यात चार हजार बायका नव्यानं कामाले लागल्या. आहे का हे खरं? तू खरं लिहशीन आन् आकडा खोटा होईन."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"मग मागचे तीन महिने दुरुस्त करा," मी म्हणाले.

"ते बंद झाले. दुरुस्तीचा अर्ज केला तं पह्यला प्रश्न, भरलं कोणं? तुह्या नावापुढं विसंगती लागन. यादी उद्या जाते, बाई. कायले पायावर धोंडा पाडून घेते?"

फोन ठेवून मी टेकाडावर नुसती येरझाऱ्या घालत राहिले. खाली बसले, पुन्हा उठले, पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. साडेदहा वाजून गेले होते. अकरा घरं बाकी होती. भाऊंचं ऐकलं तर एकही अक्षर बदलायची गरज नव्हती. नुसतं बोट दाबत गेले असते तर दोन वाजता मी परतीच्या रस्त्याला लागले असते, आणि मे महिन्यातही माझ्याकडे हाच टॅब असता. मला ते हवं होतं. उगाच साळसूदपणा कशाला आणू, मला ते फार हवं होतं.

खाली उतरताना कुर्मावरूनच वाट जाते. दिव्यानीनं लांबूनच हाक मारली.

"बाई, मले लिवलं का?"

"अजून नाही."

"शाळेत नाई गेली मी काल. आजबी नाई. ते लिवसान?"

"लिहीन." मी थांबले. टॅब उघडून तिच्या नावावर बोट ठेवलं. सदस्य आज घरात जेवत नाही म्हटलं की टॅब कारण विचारतो. मृत्यू. लग्न. कामासाठी गेली. शिक्षणासाठी गेली. इतर. मी त्या यादीकडे बघत उभी राहिले.

"बाई," दिव्यानी म्हणाली, "त्या चार हजार पोरी हायेत ना माह्यामागं, त्याबी कुर्मात गेल्या का?"

तिनं ते थट्टेनं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाच राग आला. मी खोपीसमोर मातीत मांडी घातली, चुलीपासून हातभर अंतर ठेवून, आणि तिला तिच्याच तोंडून सगळे प्रश्न विचारले. शाळा, वर्ग, मागच्या सात दिवसांत मोहा वेचला का, किती दिवस, किती वेळ. तिनं पाच दिवस सकाळी दोन-दोन तास मोहा वेचला होता आणि मग शाळेत गेली होती. मी सगळं लिहिलं. घरातून काढलं नाही तिला. मग बुधरीला नवीन ओळ दिली. नवीन सदस्य कुठून आला हे टॅबनं विचारलं. जन्म, लग्न, परत आगमन, इतर. मी 'इतर' निवडलं आणि शेऱ्यात लिहिलं, "सदस्य आधीपासून घरातच. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तिन्ही भेटींत माझ्या चुकीमुळे नोंद राहिली." पोचूसमोरचा 'विधुर' खोडला.

बुधरी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

"तुम्ही होता म्हणून लिहिलं. तिन्ही महिने."

तिनं पडद्यावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग शकुबाईलेबी इचार. फागुनात आमी दोघी संगच होतो इथी."

शकुबाईचं घर माझ्या बारा घरांत होतं. तिथंही मी एक माणूस कमी लिहिलं होतं. मग मला थांबताच येईना. प्रत्येक घरी गेले आणि पुरुषांना बाजूला करून बायकांनाच विचारलं, चुलीचा प्रश्न सोडून. मी आले त्या दिवशी कुर्मात कोण होतं? बायका आधी एकमेकींकडे बघायच्या, मग तोंडाला पदर लावून हसायच्या, मग बोटांवर मोजत सांगायच्या. मनकर्णा नावाची एक सून तर माझ्या नोंदीत जानेवारीत होती, फेब्रुवारीत नव्हती, मार्चमध्ये पुन्हा होती. मी तिला एकदा मोलमजुरीला गेलेली दाखवलं होतं आणि एकदा परत आलेली. टॅब प्रत्येक दुरुस्तीला लाल व्हायचा आणि विचारायचा, नक्की का? मी नक्की दाबत राहिले. जेवायचं राहिलं. डोकं दुखायला लागलं. पावणेसहाला पुन्हा टेकाडावर चढले आणि सगळं पाठवून दिलं.

दहा मिनिटांत धनराजभाऊंचा फोन आला. मी तिथंच एका दगडाला टेकून उभी होते.

"बारा घरात सोळा विसंगती," ते म्हणाले. "सोळा, नूतन. आपल्या ऑफिसात वर्षभरात एवढ्या होत नाई."

"हो."

"पाच बायका वाढवल्या तू. वजन धरून किती होतेत, काढलं का?"

"वीस हजार."

"वरून विचारतीन मले. काय सांगू?"

"शेऱ्यात आहे तेच सांगा. चूक माझी आहे. मी चुलीवर मोजत होते."

पलीकडून पंख्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडून घेतलं असतं.

"तुह्याकडं अशी किती गावं आहेत?" त्यांनी विचारलं.

"जंगलातली पाच."

"आन् बाकी पोरायकडं?"

"ते मला काय माहीत, भाऊ. पण प्रश्न सगळ्यांचा एकच आहे."

"एकच आहे," ते म्हणाले. मग ते बोलले तेव्हा आवाज ऑफिसातला राहिला नव्हता. "मी धानोऱ्याकडं अकरा वर्षं फिरलो, नूतन. सायकलीनं. तेव्हा कागद होते. एका चुलीवर किती जण, असंच विचारलं मी साऱ्यायले. एकदा गाव भरत होतो तं वाटलं, इतके तरणे विधुर एका गावात कसे? पेन थांबवला होता मी. पण सांज होऊन राह्यली होती, घरं बाकी होती. चहा घेतला आन् पुढच्या दारी गेलो."

अकरा वर्षांतली किती घरं, आणि प्रत्येकामागे किती, हा विचार मी सुरू केला आणि लगेच सोडून दिला. तो पूर्ण करायची हिंमत झाली नाही.

"यादीत तुह्यं नाव टाकलं तं वरून कटन," ते म्हणाले. "नाई टाकलं तं मी कापलं म्हणून होईन. सांग, काय करू?"

खाली गावात बायका मोहाच्या टोपल्या घेऊन परतत होत्या. मला नोकरी अजूनही तितकीच हवी होती.

"टाका, भाऊ," मी म्हणाले. "वरच्यांना कापू द्या."